नैरोबीहून दोन रात्रींसाठी मसाई मारा: जमेल का, आणि कोणतं लॉज घ्यावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऑगस्टच्या शेवटी ऑफिसच्या कामासाठी तुम्ही तीन आठवडे नैरोबीत आहात, मधला एक शनिवार-रविवार मोकळा आहे, आणि तेवढ्यासाठी पुण्याहून पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी येणार आहेत. मसाई मारा या केनियातल्या अभयारण्यात (रिझर्वमध्ये) लॉजवर दोन रात्री राहायचं मनात आहे. दोन लॉज निवडून ठेवलीत, एक १५० डॉलरचं आणि एक ४५० डॉलरचं. ताडोबा दोनदा बघून झालेल्या माणसाने इतका खर्च करण्यात अर्थ आहे का, आणि करायचाच तर यातलं कुठलं घ्यावं, असं विचारलंय.

मी नैरोबीत राहते आणि सफारीचं नियोजन हाच माझा व्यवसाय आहे; येणारी बरीच कुटुंबं मुंबई-पुण्याकडचीच असतात. तेव्हा माझ्या बोलण्यात धंद्याची सवय डोकावणार हे गृहीत धरा. तरीही सांगते, लॉज कुठलं हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. त्याच्या आधीचा प्रश्न असा आहे: शुक्रवारी दुपारी बारापर्यंत तुम्ही कामातून सुटू शकता का? बाकीचं बहुतेक सगळं या उत्तरावर ठरतं.

कारण लॉजवर आपण पैसे खोलीचे देतो असं वाटत असलं तरी खरी किंमत असते सकाळ-संध्याकाळच्या तासांची. मारा विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश दक्षिणेला आहे. तिथे वर्षभर सूर्य साडेसहाच्या आगेमागे उगवतो आणि साडेसहाच्याच आगेमागे मावळतो. सिंह, बिबटे, तरस यांची हालचाल बघायची तर उजाडल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत, आणि पुन्हा चारनंतर अंधार पडेपर्यंत. मधल्या उन्हात सिंह झुडपाखाली उताणे पडलेले असतात, शेपटीसुद्धा हलवत नाहीत. चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो, हत्ती-जिराफ दिवसभर दिसतात, त्यामुळे दुपार अगदीच फुकट जाते असं नाही. पण भरवसा ठेवायचा तो या दोन वेळांवर. म्हणून माझ्याकडे कुणी बेत घेऊन आलं की मी आधी फेऱ्या, म्हणजे गाडीतून जनावरं बघायला जायच्या खेपा, मोजते, मग लॉजचे फोटो बघते.

तुमच्या फेऱ्या मोजू. समजा शुक्रवार मिळत नाही आणि शनिवारी पहाटे साडेपाचला गाडीने निघालात. नैरोबी ते माराचं सेकेनानी गेट पाच ते सहा तास. रस्ता आता गेटपर्यंत डांबरी झालाय, पण माई माहियुला उतरणारा घाट ट्रकांनी भरलेला असतो. (त्या घाटाच्या पायथ्याशी, रस्त्याला लागूनच, एक इवलंसं चर्च आहे. १९४२ मध्ये हा रस्ता बांधणाऱ्या इटालियन युद्धकैद्यांनी ते उभारलं. पाच मिनिटं थांबण्यासारखं आहे.) वाटेतल्या नारोक गावात इंधन, एटीएम आणि चहा. सेकेनानीला पोहोचता पोहोचता अकरा-साडेअकरा. जेवण, थोडी पाठ टेकणं, चारला पहिली फेरी. रविवारी सकाळी दुसरी फेरी, आणि अकराला परतीचा रस्ता. म्हणजे दोन फेऱ्या, फार तर सहा तास जंगलात, आणि रस्त्यावर अकरा-बारा तास. आठ वर्षांच्या मुलीला घेऊन मी असा बेत आखणार नाही. माझं कुणी ऐकून घेणार असेल तर मोठ्यांसाठीही नाही.

‘शुक्रवारी रात्रीच निघू’ असं ऑफिसातलं कुणीतरी सुचवेल. नको. अंधारात त्या रस्त्यावर गुरं असतात, मागचे दिवे नसलेली वाहनं असतात, आणि एवढं करून पोहोचलात तरी रिझर्वचं गेट संध्याकाळीच बंद झालेलं असतं.

आता शुक्रवारची दुपार मिळते असं धरा. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला छोटी विमानं जातात, सेसना कॅरॅव्हॅन किंवा त्याहून थोडी मोठी. साधारण एक विमान सकाळी असतं आणि एक दुपारी. पाऊण ते एक तासात आपण मारात. हे विमान एस.टी.सारखं थांबे घेत जातं: केकोरोक, ओल कियोम्बो, मुसियारा, किचवा टेम्बो, कुठेही दोन माणसं उतरवून पुन्हा उडतं. धावपट्ट्या कच्च्या, दिवे नाहीत, म्हणून सगळी उड्डाणं दिवसाच. लॉजचा गाइड गाडी घेऊन धावपट्टीच्या कडेलाच उभा असतो, आणि तिथून लॉजपर्यंतचा रस्ता हीच तुमची पहिली फेरी. शुक्रवारी संध्याकाळची एक, शनिवारच्या दोन, रविवारी सकाळची एक: चार फेऱ्या. दोन रात्रींत याहून जास्त मिळत नाही आणि याहून कमी घेऊही नये. सामान मात्र माणशी १५ किलो, हातातल्या पिशवीसकट, आणि मऊ बॅगेत. चाकांची कडक सुटकेस विमानाच्या पोटात मावत नाही. ती नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जा.

तर माझा पहिला सल्ला: शुक्रवार अर्धा मिळाला तर विमानाने मारा. न मिळाला तर मारा पुढच्या वेळी. त्या शनिवार-रविवारी दुसरं काय करता येईल तेही सांगते, कारण ते दुय्यम नाही.

नैरोबी नॅशनल पार्क शहराला चिकटून आहे. १९४६ मध्ये झालेलं केनियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, ११७ चौरस किलोमीटर. शनिवारी सकाळी सहाला आत शिरलात तर दहापर्यंत सिंह, जिराफ, म्हशी आणि काळा गेंडा दिसण्याची चांगली शक्यता असते, मागे शहरातल्या उंच इमारती. हत्ती इथे नाहीत. गेंड्याचं म्हणाल तर मारापेक्षा इथे शक्यता जास्त. तिथून दुपारी निघून दोनेक तासांत नैवाशा सरोवर. तिथल्या लॉजच्या हिरवळीवर रात्री पाणघोडे चरायला येतात आणि सकाळी बोटीतून तेच पाणघोडे बघता येतात. रविवारी जवळच्या हेल्स गेटमध्ये सायकल भाड्याने घेऊन झेब्र्यांच्या आणि हरणांच्या कळपांमधून जाता येतं. गाडीबाहेर पाय ठेवू देणारी अशी उद्यानं केनियात थोडी आहेत. आठ वर्षांच्या मुलीला गाडीत बसून पाहिलेल्या सिंहापेक्षा ही सायकल जास्त आवडेल असं माझं मत आहे, आणि आईबापांना ते नेहमीच पटतं असं नाही. हत्तीच बघायचे असतील तर अंबोसेली, नैरोबीहून साडेचार तासांच्या आसपास. ढग बाजूला झाले तर समोर ५,८९५ मीटरचा किलिमांजारो. पण तिथेही एका रात्रीत दोनच फेऱ्या, हे लक्षात ठेवा.

इथून पुढे तुम्हाला शुक्रवार मिळाला आहे असं धरून लिहिते.

पैशांचं बघू. तुम्ही १५० आणि ४५० हे आकडे शेजारी ठेवून तिप्पट फरक काढलात. हे दोन वेगळ्या गोष्टींचे भाव आहेत. एक तर हे भाव जवळजवळ नेहमीच माणशी असतात, दोघे एका खोलीत राहतील असं धरून. खोलीचा भाव समजून बुकिंग करणारे आणि मग हबकणारे मला दर मोसमात भेटतात. दुसरं, १५० डॉलरचं लॉज ‘फुल बोर्ड’ आहे, म्हणजे खोली आणि तीन वेळचं जेवण. गाडी, गाइड, प्रवेश फी, सगळं वेगळं. ४५० वालं ‘गेम पॅकेज’ देतंय: त्यात गाडी, गाइड, फेऱ्या, धावपट्टीवरून ने-आण आणि त्या भागाची फी धरलेली असते.

मारा रिझर्वची परदेशी प्रौढांसाठीची प्रवेश फी जुलै २०२४ पासून, जुलै ते डिसेंबर या महिन्यांत, दिवसाला २०० डॉलर आहे. जानेवारी ते जूनमध्ये ती १०० आहे. मुलांसाठी कमी. हे दर बदलत राहतात, बुकिंगच्या दिवशी पुन्हा बघा. ऑगस्टात दोन दिवस, दोन माणसं, झाले ८०० डॉलर. आता स्वस्त लॉजचा हिशेब: खोली-जेवण ६००, फी ८००, नैरोबीहून लँड क्रूझर आणि चालक तीन दिवसांचे सातशेच्या आसपास. एकवीसशे. महाग लॉज: राहणं आणि फेऱ्या १,८००, विमानाची दोन परतीची तिकिटं मोसमाप्रमाणे ८०० धरा. सव्वीसशे. त्यात एक दिवस रिझर्वमध्ये जायचं ठरवलं तर फीचे ४०० वर. मुलीचा खर्च दोन्हीकडे वेगळा. तिप्पट दिसणारा फरक सव्वापट ते दीडपटीवर येतो, आणि त्या जास्तीच्या पैशांत दोन्ही बाजूंचा रस्त्यातला अर्धा-अर्धा दिवस वाचतो. परवडतं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. निदान खरे आकडे समोर ठेवून ठरवा.

अजून एक. नैरोबीतला एखादा सहकारी ‘रेसिडेंट रेटने करून देतो’ म्हणेल. तो दर केनियात राहण्याचा परवाना असणाऱ्यांसाठी आहे आणि गेटवर कागद मागतात. तीन आठवड्यांच्या पाहुण्याला तो लागू नाही.

आता लॉजची जागा. नावात ‘मारा’ असलेलं प्रत्येक लॉज मारात नसतं. सेकेनानी आणि तालेक गेटच्या बाहेर कॅम्पांची गर्दी आहे. त्यातले काही चांगले चालवलेलेही आहेत. पण सकाळी गेटवर रांग, पावतीची तपासणी, मग आत. पहिल्या उजेडाचा सर्वांत चांगला अर्धा-पाऊण तास तिथे जातो. रिझर्वच्या आतलं लॉज घेतलं तर ती रांग टळते. फक्त आत राहणाऱ्यांनी निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत रिझर्व सोडायचं असतं, नाहीतर आणखी एका दिवसाची फी लागते. तुमचं परतीचं विमान दुपारचं असेल तर याबाबत लॉजकडून आधी लेखी उत्तर घ्या. पश्चिमेला, मारा नदीच्या पलीकडे, मारा ट्रँगल आहे. तो २००१ पासून मारा कॉन्झर्व्हन्सी ही संस्था सांभाळते. रस्ते नीट, शिस्त जास्त. विमानाने जाणाऱ्यांसाठी छान. गाडीने जाणाऱ्यांसाठी फार लांब.

तिसरा पर्याय, आणि तुमचं ४५० वालं लॉज त्यातलंच दिसतंय, म्हणजे रिझर्वच्या उत्तरेच्या आणि पूर्वेच्या कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे खासगी राखीव क्षेत्रं: मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो, ओल किन्येई. ही जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची आहे. कॅम्पवाले त्यांना भाडं देतात, आणि त्या बदल्यात तिथे शेती-कुंपणं होत नाहीत, गुरं ठरल्याप्रमाणेच चरतात. जनावरांना सीमा कळत नाही. रिझर्वमधलेच सिंह इकडे येतात-जातात. पाहुण्यांची संख्या मर्यादित असल्यामुळे एका सिंहाभोवती तीन-चार गाड्या, क्वचित त्याहून जास्त. रिझर्वमध्ये रस्ता सोडून गाडी घालायला मनाई आहे. इथे गाइड तारतम्याने गवतात शिरू शकतो. रात्रीची फेरी इथे होते, तिथे होत नाही. दोन रात्रींच्या पाहुण्याला याचा फायदा आठवडाभर राहणाऱ्यापेक्षा जास्त, कारण त्याच्याकडे वाया घालवायला वेळ नसतो. तुमच्या जागी मी दोन्ही रात्री कॉन्झर्व्हन्सीत घालवीन आणि शनिवारचा दिवस रिझर्वसाठी ठेवीन की नाही, ते शुक्रवारी रात्री गाइडला विचारून ठरवीन.

थोडक्यात इथवर: शुक्रवार अर्धा, विमान, कॉन्झर्व्हन्सीतलं गेम पॅकेज, चार फेऱ्या. आता तुमचा ताडोब्याचा मुद्दा, जो मला सगळ्यात आवडला.

ताडोबात गेट, वेळ, जिप्सी, सगळं आधी ठरलेलं. ठरल्या वेळेला आत, ठरल्या वेळेला बाहेर. बांबूतून वाघाचा नुसता कान दिसला तरी गाडीतले सगळे श्वास रोखतात, आणि संध्याकाळी रिसॉर्टवर एकच प्रश्न: साइटिंग झालं का? मारात हा प्रश्न दुसऱ्या तासाला निकामी होतो. मोकळं गवत, मैलभर नजर जाते. सिंह, हत्ती, म्हशी पहिल्याच संध्याकाळी दिसून जाण्याची शक्यता भरपूर. आणि इथेच आपली माणसं घाई करतात. ताडोब्याची सवय अंगात असते, त्यामुळे सिंह ‘झाला’ की चला बिबट्याकडे, बिबट्या ‘झाला’ की गेंडा. ‘बिग फाइव्ह’ ही यादीच मुळात शिकाऱ्यांची, पायी शिकार करायला जी पाच जनावरं सर्वांत धोक्याची वाटायची त्यांची. चित्ता त्यात नाही, जिराफ नाही, तरस नाही. यादी पुरी करायला गाडी दिवसभर पळवलीत तर दोन दिवसांत धूळ आणि पाठदुखी मिळेल.

गाइडला पहिल्याच संध्याकाळी स्पष्ट सांगा की आम्हाला यादी नको, एका जागी थांबायला आवडेल. त्याला ते मनापासून आवडतं. टेकाडावर बसलेली चित्त्याची मादी कान कुठे वळवते, थॉमसन गॅझेलचा कळप कधी चरायचं थांबतो, टोपी नावाचं हरणासारखं जनावर वारुळावर चढून का उभं राहतं, हे कळायला पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात आजूबाजूच्या तीन गाड्या येऊन फोटो काढून गेलेल्या असतात. असं दृश्य पुन्हापुन्हा मिळणार नाही अशी भीती ताडोब्याने तुमच्या मनात घातलेली आहे. मारात ती बाळगायचं कारण नाही. इतका खर्च करून वेगळं काय दिसणार, याचं माझं उत्तर हेच: जनावरांचं वागणं, सलग, उघड्यावर. वाघ दिसण्याचा तो थरार इथे नाही. कुणाला तोच हवा असतो, त्यांना मी स्वच्छ सांगते की पैसे वाचवा आणि विदर्भात जा.

ऑगस्ट म्हटलं की वाइल्डबीस्ट या कळपाने चरणाऱ्या जनावरांचं मारा नदी ओलांडणं आलंच. दहा लाखांहून जास्त वाइल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबतचे झेब्रे दरवर्षी शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून वर सरकतात. जुलै ते ऑक्टोबर त्यांतले बरेच मारात असतात. कळप कुरणांवर दिसणं ऑगस्टात जवळपास नक्की. नदी ओलांडताना दिसणं अजिबात नक्की नाही. कळप काठावर येतो, तासन्‌तास उभा राहतो, एखादा झेब्रा पाण्याला तोंड लावतो, आणि मग सगळे मागे फिरतात. का, ते गाइडलाही सांगता येत नाही. तोवर काठावर गाड्यांची अशी दाटी झालेली असते की जनावरांना उतरायला जागा शोधावी लागते. गाड्यांनी किती अंतर ठेवायचं, एका जागी किती थांबायच्या याचे नियम आहेत. गर्दीच्या दिवशी ते पाळले जातातच असं नाही. चार फेऱ्यांच्या बेतात नदीसाठी एक संपूर्ण शनिवार देणं हा जुगार आहे. शुक्रवारी रात्री गाइडने ‘आज कळप काठाशी जमलेत’ असं सांगितलं तर जेवणाचा डबा घेऊन दिवसभरासाठी जा. नाहीतर तो मोह सोडा.

गाइडबद्दल. खोलीचा दर्जा वाढवायला जे पैसे लागतात तेच पैसे स्वतंत्र गाडीसाठी द्या, हा माझा सर्वांत ठाम सल्ला आहे. लॉजच्या सामाईक गाडीत सहा जण असतात. कुणाला पक्षी हवेत, कुणाला फक्त सिंह, आणि तुमच्या मुलीला नेमकं पावणेनऊला परत जायचं असेल. स्वतंत्र गाडीत ती पेंगली तर पेंगू द्या. लॉजला विचारा की गाइड केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशनच्या कुठल्या पातळीचा आहे: ब्राँझ, सिल्व्हर की गोल्ड. सिल्व्हरवाला मिळाला तर उत्तम. पण ब्राँझ बिल्ल्याचे, त्याच भागात वाढलेले मसाई तरुणही अफाट तयारीचे असतात. त्यांच्याशी गुरांबद्दल बोला, सिंहाने वासरू नेलं तर काय करतात ते विचारा. या गप्पांपुढे मसाई वस्तीची पैसे घेऊन दाखवली जाणारी तासाभराची भेट मला फिकी वाटते. दोन रात्रींत तर ती मी बसवतच नाही.

मुलीच्या वयाचं बुकिंगच्या आधी विचारा. काही कॅम्पांत लहान मुलांना उघड्या गाडीत घेत नाहीत, पायी फेरीला तर वय आणखी जास्त लागतं. बलूनचंही तसंच, वयाची आणि उंचीची अट असते. शिवाय त्यासाठी माणशी चारशे डॉलरच्या पुढे जातात आणि पहाटे पाचच्या आत उठून सकाळची फेरी बलूनला द्यावी लागते. चारातली एक फेरी हवेत. तुमच्यासाठी मी नाही म्हणेन. तिला स्वतःची छोटी दुर्बीण द्या, आईबाबांची उधार नको. आणि मध्येच शू लागणारच, तेव्हा संकोच न करता गाइडला सांगा. तो मोकळी जागा बघून गाडी उभी करतो, आजूबाजूला नजर टाकतो, मग गाडीच्या आडोशाला जायचं. रोजचं आहे.

तंबू म्हटल्यावर पत्नीला काळजी वाटली असं तुम्ही लिहिलंय. हा तंबू म्हणजे पक्क्या जोत्यावरचं कॅनव्हासचं घर असतं, आत पलंग, मागे न्हाणीघर आणि कमोड. बहुतेक कॅम्पांना कुंपण नसतं. म्हणून अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचं नाही. शिट्टी, टॉर्च किंवा रेडिओवरून अस्करीला, म्हणजे रखवालदाराला बोलवायचं आणि तो पोहोचवतो. रात्री पाणघोडा गवत ओरबाडतोय असा आवाज अगदी भिंतीला लागून येतो. चेन पूर्ण लावलेली असली की निवांत झोपा. चेन लावायची ती दिवसासुद्धा, माकडांसाठी. पुण्याहून आणलेले लाडू-थेपले उघड्या बॅगेत ठेवलेत तर ते तुमचे राहणार नाहीत.

जेवणाची चिंता करू नका, पण नुसतं ‘व्हेज’ लिहून सोडू नका. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, हे बुकिंगमध्येच लिहा, आणि सरळ सांगा की एका वेळी डाळ-भात हवा. इथे भारतीय पाहुणे भरपूर येतात, आणि चपाती-समोसा-चहा तर केनियाच्या स्वयंपाकात कधीचाच मुरलाय. १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासाहून आत रेल्वे टाकायला आलेले हजारो भारतीय मजूर आणि त्यांच्या मागोमाग आलेले व्यापारी यांचा त्यात मोठा हात. इथली चपाती मैद्याची, पदर सुटलेली, तेलात भाजलेली असते. सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी आणि घेवड्याची उसळ मागा; मुलं आवडीने खातात.

कपड्यांबाबत एकच गोष्ट लोक चुकवतात: थंडी. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर किंवा त्याहून उंच आहे, ऑगस्टात पहाटे उघड्या गाडीत स्वेटर, वर वाऱ्याचं जाकीट आणि कानटोपी लागते. दहाला हे सगळं काढून टोपी आणि सनस्क्रीन. निळा-काळा रंग टाळा, त्सेत्से माश्या त्याकडे येतात. लष्करी छापाचे कपडे आणू नका, केनियात त्यावरून अडवतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, आणि राखीव क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या २०२० पासून चालत नाहीत. स्टीलच्या बाटल्या आणा. ड्रोन घरीच ठेवा.

आता कागद. यातलं पहिलं काम पत्नीने हे वाचून झाल्या झाल्या करायचं आहे. केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरलं जातं. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारने नेमलेल्या केंद्रांत मिळते, तिथे ठरावीक वारीच देतात आणि आधी नाव नोंदवावं लागतं. मुलीलाही लागेल. अंड्याची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, त्यामुळे तुम्ही स्वतः घेतलेली असेलच तर कार्ड शोधून ठेवा. मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या का, कुठल्या, मुलीचं वजन किती, हे डॉक्टरच ठरवतील. मारात मलेरिया आहे एवढं त्यांना सांगा. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवाना, ईटीए, सुरू केलाय. तो प्रत्येकाचा वेगळा, मुलीचाही, आणि आठवडाभर आधी अर्ज करून मोकळं व्हावं.

रोख डॉलर थोडे जवळ असू द्या. गाइडला दिवसाला माणशी दहा ते वीस डॉलर, बाकी कर्मचाऱ्यांसाठी जेवणाच्या तंबूत पेटी असते. फार जुन्या किंवा फाटक्या नोटा इथे कुणी घेत नाही.

आणि रविवारबद्दल. पत्नी-मुलीचं परतीचं विमान त्याच रात्रीचं असेल तर माराचं दुपारचं विमान आणि मुंबईचं विमान यांत किमान पाच तास ठेवा. छोट्या विमानाचा थांब्यांमुळे उशीर होतो, विल्सन आणि जोमो केन्याटा हे दोन वेगळे विमानतळ आहेत, आणि हॉटेलात ठेवलेली ती कडक सुटकेस घ्यायला मध्ये शहरात जावं लागेल. शक्य असेल तर त्यांचं तिकीट सोमवारचं काढा. रविवारची सकाळची फेरी घड्याळाकडे न बघता करता येईल.